गाढवाला वाणी कितीला पडते?

(द्वितीय वर्ष, कला)

बोलणारे प्राणी आपल्याला नवे नाहीत. पंचतंत्रातले करटक आणि दमनक हे कोल्हे एखाद्या मुत्सद्द्याला लाजवील असे राजकारण बोलतात आणि त्या राजकारणात संजीवक बैलाचा जीव जातो. पैठणला ज्ञानदेवांनी रेड्यामुखी वेद वदविले, ही कथा तर आपण शाळेत जाण्याआधीच ऐकलेली असते. त्या रेड्याची समाधी जुन्नर तालुक्यातील आळे या गावी आजही दाखवितात. तेव्हा प्राण्याच्या तोंडी माणसाची भाषा घालण्यात विशेष ते काय, असे कुणी विचारले तर त्याला दोष देता येणार नाही. माझे म्हणणे वेगळे आहे. या सर्व कथांत प्राण्याला वाणी फुकट मिळते आणि फुकट मिळते म्हणूनच तो प्राणी उरत नाही. करटकाच्या जागी एखादा कारभारी बसविला तरी कथेचे काही बिघडत नाही.

मी ज्या खेळाविषयी लिहीत आहे त्यात प्राण्याला वाणी विकत घ्यावी लागते. ती कितीला पडते, ती घेताना काय विकावे लागते आणि मुळात घ्यावीच का, या तीन प्रश्नांवर आमच्या वसतिगृहात गेले वर्षभर जितका वाद झाला तितका कुठल्याही निवडणुकीवर झाला नसेल.

पण आधी खेळ सांगितला पाहिजे, कारण आमच्या प्राध्यापकवर्गापैकी अनेकांना तो ठाऊक नसण्याचा संभव आहे. याला इंग्रजीत रोल-प्लेइंग गेम म्हणतात. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध केला आणि तेथून ही परंपरा सुरू झाली. पाच-सहा जणी गोल करून बसतात. प्रत्येकीजवळ एक कागद. त्यावर तिच्या पात्राचे बळ, चपळाई, बुद्धी वगैरे आकड्यांत लिहिलेले. एकजण सूत्रधार होते. ती म्हणते, “समोर पडका पूल आहे, पलीकडून धूर येतो आहे. काय करता?” मग ज्या त्या पात्राने काय ते ठरवायचे. जमेल की नाही याबद्दल शंका असेल तेथे फासा टाकायचा. लिहिलेली संहिता नाही, पाठांतर नाही. दशावतारात आख्यान ठरलेले असते पण संवाद जागच्या जागी सुचावे लागतात, किंवा तमाशातली बतावणी जशी समोरच्याच्या वाक्यावर उभी राहते, त्यातलाच हा प्रकार. फरक एवढाच की येथे प्रेक्षक नसतात. आमच्याकडे विलायती वीस बाजूंचा फासा नाही. आम्ही एक ते वीस आकड्यांच्या चिठ्ठ्या करून स्टीलच्या डब्यात ठेवल्या आहेत. बाकी काम लुडोच्या फाशांवर भागते.

या खेळांतली एक शाखा अशी आहे की जग बुडाल्यानंतरची कथा खेळायची. अणुयुद्ध झालेले आहे, शहरे मोडलेली आहेत, माणूस उरला आहे किंवा नाही, आणि प्राणी बदलले आहेत. जेम्स वॉर्ड यांचा ‘मेटामॉर्फोसिस अल्फा’ १९७६ चा आणि ‘गॅमा वर्ल्ड’ १९७८ चा. त्या दशकात अमेरिका आणि रशिया एकमेकांवर अण्वस्त्रे रोखून बसले होते, तेव्हा अशी कल्पना सुचणे स्वाभाविकच होते. ‘गॅमा वर्ल्ड’मध्ये माणसाप्रमाणेच बदललेला प्राणी होऊनही खेळता येते. त्यात ‘हूप’ नावाचे ससे आहेत. ते ज्या धातूला हात लावतील त्याचे रबर होते. वाचताना हसू येते, पण ससा म्हणून त्या सशात काय आहे, असे विचारले तर लांब कान सोडून सांगण्यासारखे काही सापडत नाही. हा दोष केवळ त्या पुस्तकाचा नाही. आम्ही पहिल्यांदा पात्रे केली तेव्हा सगळ्या जणींनी हेच केले. कुत्रा बंदूक घेऊन आला. घार डोळ्यांवर काळा चष्मा लावून आली. म्हणजे आठवडी बाजारात मुलांना मुखवटे घालून सोडावे तसे झाले.

यावर उतारा सापडला तो एरिक वुजिक या गृहस्थांच्या पुस्तकात. १९८५ मध्ये त्यांनी निन्जा कासवांच्या त्या प्रसिद्ध चित्रकथेवरून एक खेळ रचला आणि पुढच्याच वर्षी, १९८६ मध्ये, ‘आफ्टर द बॉम्ब’ नावाने त्याला बुडालेल्या जगाची जोड दिली. एका मैत्रिणीच्या पुण्याच्या भावाकडून तो आमच्या मोबाईलवर आला. चित्रे साधी, छपाई गिचमिड. पण पात्र तयार करण्याची त्यातली रीत मला फार शहाणपणाची वाटते.

रीत अशी. तुम्ही प्राणी निवडला की त्याच्या नावावर काही गुण जमा होतात. या गुणांतून तुम्ही त्याला बदलायचे. माणसासारखे चार रकाने आहेत: हात, दोन पायांवर चालणे, वाणी आणि रूप. प्रत्येकात तीन पायऱ्या: नाही, अर्धे, पूर्ण. बहुतेक प्राण्यांना अर्ध्याला ५ आणि पूर्णाला १० गुण पडतात. आकार वाढवायचा तर दर पायरीला आणखी ५ गुण. प्राण्याच्या स्वतःच्या म्हणून ज्या शक्ती आहेत, तीक्ष्ण घ्राणेंद्रिय, अंधारात दिसणे, नखे, उडणे, त्याही याच थैलीतून घ्यायच्या. थैली एकच. उंदराला माणसाएवढे व्हायचे असेल तर त्याचे बरेचसे गुण उंचीतच संपतात. चारही रकाने पूर्ण घेतले की ४० गुण गेले. मग नाक, कान, नखे यांना काय उरणार?

ज्याला घरखर्चाची वही माहीत आहे त्याला हा हिशेब चटकन कळेल. आणि येथेच माझे पहिले मत मी मांडते. बहुतेक खेळाडू चारही रकाने पूर्ण घेतात आणि उरलेल्या चिल्लरीत एखादे नख विकत घेतात. मला हे साफ चुकीचे वाटते. जगातली सगळ्यांत मोठी संधी, म्हणजे माणूस नसण्याची संधी, हाती आलेली असताना ती देऊन टाकून आपण पुन्हा माणूसच विकत घेतो, आणि तोही कमी प्रतीचा.

मी गाढव केले. यावर बराच वेळ हशा झाला, तो होणारच होता. “गाढवापुढे वाचली गीता” इथपासून सुरुवात झाली. पण मी गाढव हौसेने केले नव्हते. मला गाढव माहीत आहे. आम्ही माती वडार. माझ्या आजोबांच्या वेळेपासून माती आणि वाळू वाहण्याचे काम आमची गाढवे करीत. विहिरीच्या खड्ड्यातून गोणी भरून निघालेले गाढव बांधापर्यंत जाऊन, गोणी रिकामी झाली की कुणी हाकल्याशिवाय परत खड्ड्याशी येऊन उभे राहते, हे मी लहानपणी रोज पाहिले आहे. पौष पौर्णिमेला जेजुरीला आणि रंगपंचमीला मढीला गाढवांचा बाजार भरतो. आजोबा तेथे गाढवाचे दात बघून आणि त्याला थोडे चालवून भाव करीत. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, पण गाढवांच्या बाबतीत मी घरात सगळ्यांत अडाणी आहे.

गाढवाला हट्टी म्हणतात. वस्तुस्थिती अशी की घोडा घाबरला तर पळतो आणि गाढव घाबरले तर थांबते. पायाखालची जमीन, पाणी, सावली, जे समजले नाही त्याच्यापुढे ते पाऊल टाकीत नाही. मारून फक्त त्याची शंका वाढते. त्याला रूक्ष चारा पुरतो, तहान बराच काळ सोसते, एकदा गेलेली वाट ते विसरत नाही, आणि त्याचे ओरडणे उघड्या माळावर फार लांबवर जाते. हे सगळे गुण एका कागदावर उतरवून पाहा. मोडलेल्या जगात जगण्यासाठी यापेक्षा योग्य पात्र कोणते? वाघसिंह घेणाऱ्यांचा मला आदर आहे. पण त्यांना रोज मांस कोण पुरविणार?

माझ्या गाढवाला हात नाहीत. ते चार पायांवर चालते. रूप गाढवाचेच. गुण मी खर्च केले ते कानांवर, वाटेच्या स्मरणावर आणि अर्ध्या वाणीवर. पूर्ण वाणी का नाही, यावर सूत्रधार मैत्रिणीशी माझे भांडण झाले. तिचे म्हणणे, “दहाच गुण तर लागतात, घेऊन टाक, नाहीतर तू खेळणार कशी?” मी म्हटले, अर्ध्या वाणीतच खेळ आहे. पूर्ण वाणी असलेले पात्र जे मनात आहे ते सांगून मोकळे होते. अर्ध्या वाणीच्या पात्राजवळ शब्द थोडे असतात, म्हणून कोणता शब्द वापरायचा हे त्याला दर वेळी ठरवावे लागते. त्याचे म्हणणे दुसऱ्याला अर्धेच कळते, आणि ते अर्धे कळलेले कसे वापरले जाते ते त्याला उभे राहून बघावे लागते.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. आमच्या घरात वडारी बोलतात. ती तेलुगूच्या नात्यातली बोली आहे. शाळेत मराठी आली, कॉलेजात पुस्तकी मराठी आली आणि आता इंग्रजीचे काही चालले आहे. प्रथम वर्षाला वर्गात उत्तर देण्यासाठी उभी राहिले की “व्हतं” म्हणावे की “होतं” हे ठरेपर्यंत बाई पुढच्या बाकाकडे गेलेल्या असत. आता तसे होत नाही. पण परवा सुट्टीत आजीशी बोलताना मला जाणवले की मी आधी मराठीत वाक्य जुळवते आणि मग वडारीत सांगते. आजीलाही ते जाणवले असावे, कारण ती माझ्याशी हळूहळू बोलत होती, पाहुण्याशी बोलावे तशी. थैली एकच असते हे वुजिकसाहेबांना कुठून कळले कोण जाणे.

रेड्याची कथा मला या संदर्भात पुन्हा आठवते. ती कथा रेड्याची नाहीच. संन्याशाच्या पोरांना अधिकार नाही म्हणणाऱ्यांना ते उत्तर होते, सर्वांभूती एकच आत्मा आहे हे दाखवायचे होते, आणि त्या उत्तराचे मोल मी कमी लेखीत नाही. पण खेळ खेळू लागल्यापासून माझ्या मनात एक भाबडा प्रश्न येतो. त्या रेड्याला वाणी मिळाली ती वेद म्हणण्यापुरती. वेद म्हणून झाल्यावर, तोंड उघडेच आहे तर, त्याला स्वतःचे काही सांगायचे होते का? पाठीवरच्या पखालीविषयी, उन्हाविषयी?

आता दुसरे मत, आणि यावर मी आमच्या गटाशीच भांडते.

या सगळ्या खेळांत आणि कथांत एक खोड आहे. प्राण्याची जात ठरली की त्याचा स्वभाव ठरतो. कुत्रा इमानी, कोल्हा लबाड, उंदीर चोर, डुक्कर घाण. पियेर बूल यांच्या १९६३ च्या कादंबरीवरून निघालेल्या ‘प्लॅनेट ऑफ द एप्स’ (१९६८) या चित्रपटात तर गोरिला शिपाई, ओरँगउटान अधिकारी आणि चिंपांझी शास्त्रज्ञ अशी चोख वाटणी आहे. जन्मावरून धंदा आणि धंद्यावरून प्रतिष्ठा! पाश्चात्त्यांना यात उपहास दिसतो. आपल्याला वेगळे काय दिसावे ते मी सांगायला नको.

आमच्यातल्या एकीने घूस केली. पहिल्याच दिवशी दुसरी म्हणाली, “म्हणजे चोर. रात्री सामान सांभाळा ग.” सगळ्या हसल्या. मला हसू आले नाही. १८७१ साली इंग्रज सरकारने कायदा केला आणि त्याच्या आधारे पुढे कित्येक जमाती जन्मतःच गुन्हेगार म्हणून नोंदविल्या गेल्या. मूल गुन्हेगार जमातीत जन्मले एवढाच त्याचा गुन्हा. तो कायदा १९५२ मध्ये उठला. आमची जात आज विमुक्त जातींच्या यादीत आहे. कायदा उठला तरी वस्तीजवळ कुठे काही हरवले की पहिली चौकशी कोणत्या पालाकडे येते हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणून “घूस म्हणजे चोर” हे वाक्य मला नुसत्या खेळातलेही सोसत नाही.

यावर एक आक्षेप सरळ येतो, आणि तो बिनबुडाचा नाही. जातीवरून काहीच ठरत नाही म्हटले, तर घूस आणि घार यांत फरक तो काय राहिला? मग प्राणी करायचेच कशाला? मी जे वर गाढवाचे गुण सांगितले तेही जातीचेच गुण नव्हेत काय?

माझे उत्तर असे की शरीर जन्माने येते, शील जन्माने येत नाही. घुशीचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात. कुरतडले नाहीत तर ते तिचेच तोंड बंद करतील. तिने कुरतडलेच पाहिजे. हे शरीर झाले, आणि कागदावर ते ठळक लिहिले पाहिजे. पण चोरी ही दातांत नसते. चोरी होण्यासाठी आधी कुणाची तरी मालकी असावी लागते, आणि ती मालकी घुशीने मान्य केलेली असावी लागते. जग बुडाले, कोठाराचा मालक मेला, सातबारा जळला. आता त्या धान्यावर घुशीपेक्षा जास्त हक्क कुणाचा? घूस चोर आहे असे कथेतल्या दुसऱ्या एखाद्या पात्राने म्हणावे. अवश्य म्हणावे, त्यातून नाट्य होते. पण सूत्रधाराने ते नियमात लिहू नये. ‘आफ्टर द बॉम्ब’च्या जगात माणसांचे एक साम्राज्य आहे, ते बदललेल्या प्राण्यांच्या जिवावर उठलेले आहे. तेथे ‘रूप : पूर्ण’ या दहा गुणांना भलताच भाव येतो, कारण त्या रूपावर प्राणी माणसांत खपून जाऊ शकतो. नवीन गावी कुणी आडनाव विचारले की काही लोक नुसते नाव सांगून थांबतात, ते मला या रकान्यापाशी आठवते.

प्राण्याला माणूस न करताही त्याचे राजकारण लिहिता येते, हे दाखविणारे पुस्तक आपल्या भाषेत आहे. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘सत्तांतर’मध्ये वानरांची टोळी आहे, सत्ता आहे, हिंसा आहे, आणि तरी ती वानरेच राहतात. त्या पुस्तकाला १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. आमच्या गटात मी ते सक्तीचे वाचन करावे असे सुचविले आहे. ठराव अजून पास व्हायचा आहे.

तिसरी गोष्ट जगबुडीची. खेळात ती अमुक एका दिवशी, बॉम्बने झालेली असते. पण ती कुणाची जगबुडी? १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या रिचर्ड ॲडम्स यांच्या ‘वॉटरशिप डाउन’ या कादंबरीत सशांची वसाहत नष्ट होते ती बॉम्बने नव्हे. माणसांना घरे बांधायची असतात, म्हणून ते बिळे बुजवून आत विषारी धूर सोडतात. माणसाच्या हिशेबी तो एक गृहबांधणीचा प्लॉट. सशांच्या हिशेबी सृष्टीचा अंत. या कादंबरीच्या प्रभावातून १९७६ मध्ये डेनिस सस्टेर आणि स्कॉट रॉबिन्सन यांनी ‘बनीज अँड बरोज’ हा खेळ काढला. त्यात खेळाडू साधे ससे होतात. बंदूक नाही. शत्रू म्हणजे कोल्हा, कुत्रा, माणूस. कादंबरीतल्या सशांना चारपर्यंतच मोजता येते, त्यापुढे सगळे ‘पुष्कळ’. हे मला कोणत्याही अद्भुत शक्तीपेक्षा मोलाचे वाटते. पाच कोल्हे आणि पन्नास कोल्हे यांत फरक न करता येणारे पात्र खेळून पाहा म्हणजे कळेल.

याच न्यायाने आमच्या गाढवांची जगबुडी जेसीबीच्या रूपाने आली. पिवळ्या रंगाची होती आणि दोन दिवसांत विहीर खोदून निघून गेली. मी पाचवीत असताना शेवटची दोन गाढवे विकली. ती कुणी कशासाठी घेतली, हे आजोबांनी विचारले नाही, किंवा विचारून आम्हाला सांगितले नाही.

खरोखरच्या जगबुडीचे नमुनेही आहेत. २६ एप्रिल १९८६ रोजी चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली. दुसऱ्या दिवशी प्रिप्यात शहरातली सुमारे ५०,००० माणसे बसमध्ये घालून नेली. तीन दिवसांत परत येऊ, असे त्यांना वाटले होते. कुत्री-मांजरे मागे ठेवावी लागली, आणि पुढे त्यांतली कित्येक गोळ्या घालून मारण्यात आली. जी वाचली त्यांची संतती आजही तेथे आहे. माणूस गेल्यावर त्या परिसरात लांडगे, रानडुकरे, सांबरासारखे मोठे प्राणी मोकळे हिंडू लागले. १९९८ मध्ये तेथे रानटी घोडेही आणून सोडले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे दिसले की अणुभट्टीजवळची कुत्री आणि काही किलोमीटरवरच्या चेर्नोबिल गावातली कुत्री ही आनुवंशिकदृष्ट्या निराळी ओळखता येतात. मात्र हा फरक किरणोत्सर्गामुळेच पडला, असे त्यातून सिद्ध झालेले नाही. एकाही कुत्र्याला वाचा फुटलेली नाही, हे वेगळे सांगायला नको. ती अजून तेथे येणाऱ्या कामगारांच्या डब्याकडे बघून शेपटी हलवितात.

जपानमध्ये मार्च २०११ मध्ये फुकुशिमाचा अपघात झाला. भट्टीपासून २० किलोमीटरच्या आतली गुरे मालकांच्या संमतीने मारून टाकावीत, असे सरकारने त्याच वर्षी मे महिन्यात ठरविले. त्यांचे मांस विकता येणार नव्हते, दूध विकता येणार नव्हते. नामिए येथील एका पशुपालकाने संमती दिली नाही. तो शेकडो निरुपयोगी गुरे पोशीत राहिला. आमच्या सूत्रधाराला मी हे सांगितले तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही आणि दुसऱ्या दिवशी तिने कथेत एक गोठा घातला. माझ्या मते जगबुडीच्या खेळात प्राणी-पात्र करताना पहिला प्रश्न “याला कोणती शक्ती द्यावी?” हा नसावाच. “माणूस होता तेव्हा याची किंमत काय होती, आणि माणूस गेल्यावर ती कोण ठरवतो?” हा असावा. कोंबडीला, गाढवाला, प्रयोगशाळेतल्या उंदराला आणि सोफ्यावरच्या मांजराला या प्रश्नाची चार निरनिराळी उत्तरे द्यावी लागतील, आणि चार पात्रे आपोआप उभी राहतील.

पडक्या पुलाचा प्रसंग आमच्या खेळात खरोखरच आला. माझे गाढव पुलाच्या तोंडाशी थांबले. मी फासाही टाकला नाही, गाढव थांबणारच. अर्ध्या वाणीत त्याला एवढेच म्हणता आले: “वाट... वाट नाय.” कुत्र्याने समजावले, घारीने वरून पाहून सांगितले की पूल धड आहे, घुशीने शिव्या दिल्या. पाऊण तास गेला. शेवटी सगळ्या जणी पुलावरून गेल्या आणि पुलाला काहीही झाले नाही. गाढव ओढ्याच्या कडेने लांबचा वळसा घालून रात्री पोचले. “वेळ फुकट घालवलास,” असे दोघींचे मत पडले. माझे मत असे की त्या पाऊण तासात पहिल्यांदाच आमच्यापैकी कुणी माणसासारखे बोलत नव्हते. कुत्रा गाढवाला सोडून पुढे जायला तयार नव्हता आणि मागेही थांबवत नव्हते, त्याचे ते येरझारा घालणे तर मैत्रिणीने इतके छान केले की खोलीबाहेरच्या मुली बघायला आल्या.

एका बाबतीत मात्र माझे या खेळ रचणाऱ्यांशी जमत नाही. स्वीडनमधून आलेल्या आणि २०१६ मध्ये इंग्रजीत निघालेल्या ‘म्युटंट : जेनलॅब अल्फा’ या खेळात बोलणारे प्राणी कुंपण घातलेल्या एका खोऱ्यात यंत्रांच्या पहाऱ्यात कोंडलेले आहेत आणि ते बंड करतात. कल्पना मला फार आवडते. पण त्याच मालिकेतल्या आधीच्या पुस्तकात माणूस-पात्राच्या कागदावर जेथे ‘सहानुभूती’ असा रकाना आहे, तेथे प्राण्याच्या कागदावर ‘उपजत प्रेरणा’ असा रकाना घातला आहे. म्हणजे एक घ्या किंवा दुसरे. हे कुणी ठरविले? जोडीचे गाढव मेले तर दुसरे त्याच्यापाशी उभे राहते. चारा दाखविला तरी हलत नाही. आमच्याकडे मेलेले गाढव ओढून न्यायची घाई करीत नसत. दुसऱ्याला काही वेळ त्याच्याजवळ राहू देत, नाहीतर ते रात्र रात्र ओरडते, असे आजी सांगते. आता याला प्रेरणा म्हणावे की सहानुभूती, ते तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांनी ठरवावे. आमच्या गटाने तूर्त कागदावर दोन्ही रकाने आखले आहेत, आणि दोन्हींसाठी फासे वेगवेगळे टाकतो.